आत्याची मेंदी

दौलतचं सारं आयुष्य लालबागच्या मसाला कांडपात गेलं. तळहातावर चिमूट ठेवायची, हुंगायची आणि मसाला कुणाच्या घरचा ते सांगायचं, ही त्याची ऐट. थोरल्या बहिणीला, गंगुबाईला, रक्ताचा कर्करोग झाला आणि तिला अस्थिमज्जा द्यायला दौलतच पुरेपूर जुळला, तेव्हा तर स्वारी करी रोडभर मिरवत फिरली.

डॉक्टर मीनाक्षीबाईंनी त्याला तेव्हाच सावध केलं होतं. "मज्जेबरोबर तुमच्या टी पेशी, म्हणजे रक्तातल्या पहारेकरी पेशी, बहिणीच्या अंगात जातील. प्रत्येकीवर एकाच घडणीचे रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारे खाचे, असतात, आणि ते ठरावीकच तुकडा ओळखतात. शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर धरून दाखवते, तुम्ही चिमूट धरता ना, तसे. टी पेशी ती चिमूटही तपासते आणि धरणारा हातही. तुम्हा भावंडांचे हात सारखे आहेत. चिमूट मात्र एखादी वेगळी निघू शकते."

"मग?"

"तुमच्या पेशी तुमच्या घरात शिकल्यात. बहिणीच्या घरची चिमूट त्यांना परकी वाटली, तर तिच्यावरच तुटून पडतील. खूण बहुतेक वेळा आधी तळहात-तळपायांवर दिसते. लाली दिसली की लगेच यायचं."

दौलतने मान डोलावली. भावाचं रक्त बहिणीवर उठेल, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

मज्जा देऊन झाली, गंगुबाई घरी आली, आणि पुढे दौलतच्या लेकीचं, श्रेयाचं, लग्न निघालं. आईविना पोर आत्यानेच वाढवलेली. मेंदीच्या दिवशी गंगुबाई हात मागे घेऊ लागली. "डाक्टरीण काय म्हणाली ता आठवता मां?" पण आत्याचा हात कोरा राहतो म्हणजे काय! दौलतनेच हट्ट धरला आणि बोटांच्या टोकांपर्यंत मेंदी भरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी चाळीतल्या बायका तिचे हात धरून बघत होत्या. "नवरीपेक्षा आत्याची रंगली गो!" दौलतची छाती फुगली. गंगुबाई म्हणाली, हात चुरचुरतात. "ताजी मेंदी, चुरचुरणारच," म्हणून हा मोकळा. काय म्हणावं या माणसाला! जिभेवर मिरचीचा कण ठेवून गाव ओळखणाऱ्याला बहिणीच्या तळव्यावरची लाली ओळखता आली नाही.

लग्न पार पडलं. मेंदी उतरू लागली, लाली उतरेना. मग कातडी सोलवटली, पोट बिघडलं, आणि परळच्या इस्पितळात खाट धरावी लागली. मीनाक्षीबाईंनी तिचे हात उलटे करून पाहिले. "औषधं वाढवते," त्या म्हणाल्या, "पण उशीर झालाय." त्यांनी दौलतकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

संध्याकाळी गंगुबाईने डोळे उघडले.

"दौलत, ता रगत तुझाच मां? मगे सांग त्येका, ही माझी भयण आसा."

सवयीने त्याने तिचा तळहात नाकाशी नेला. त्याला फक्त मेंदीचा वास आला.