शेंदूर नसलेला खडक

त्या उन्हाळ्यात अख्ख्या बीड जिल्ह्यात पाऊस नको म्हणणारा एकच माणूस होता, आणि तो मी. वर मी भूकंपाचीही वाट बघत होतो. लहानसा चालला असता, कुणाची कपबशीही न फुटणारा, पण व्हावा. असल्या पाहुण्याला लोक आग्रहाने भाकरी वाढत होते.

शेजारच्या जिल्ह्यात मोठा भूकंप होऊन गेला होता. पालीच्या पुढच्या एका गावात त्या हादऱ्याने दोन-चार घरांची मातीची माळवदं खाली आली होती. गावच्या दूध सोसायटीने ठरवलं, सभासदांसाठी नवी घरं बांधायची. जागा नदीकाठच्या काळ्या जमिनीत निघाली, कारण त्या दुष्काळात पाणी धरून असलेली एकमेव विहीर तिथे होती. ही काळी जमीन भूकंपात किती उसळते ते तपासायला भूकंपाचा अभ्यास करणारे आमचे सर आणि त्यांचा हरकाम्या मी, दोन यंत्रं घेऊन गावात आलो.

काम सांगायला सोपं आहे. मऊ माती हादरा फुगवून सांगते. किती फुगवते ते कळायला जवळपास एक न फुगवणारा साक्षीदार लागतो, म्हणजे जमिनीत खोल रुजलेला पक्का खडक. एक यंत्र मातीवर ठेवायचं, एक खडकावर, आणि मातीच्या हादऱ्याला खडकाच्या हादऱ्याने भागायचं. साक्षीदारच फितूर निघाला तर सगळा निकाल खोटा. मी स्वतः या बाबतीत काळी माती आहे हे माझ्या घरचे शपथेवर सांगतील. म्हणूनच मला खडकांबद्दल आदर.

सोसायटीचे चेअरमन उत्साही गृहस्थ होते. दूध इतकं आटलं होतं की रिकाम्या कॅनवर बोट वाजवलं तरी घुमायचं, पण नव्या घरांबद्दल बोलताना त्यांचा आवाज भरून यायचा. याला कारण त्यांच्या पत्नी. सगळं गाव त्यांना काकू म्हणे. घरचं माळवद कोसळलं तेव्हा काकू गोठ्यात होत्या म्हणून वाचल्या. त्यानंतर त्या कुठल्याच छपराखाली गेल्या नाहीत. चूल अंगणात आणि खाट लिंबाखाली. जमीनवाले हो म्हणाले तरच मी घरात येईन, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं. जमीनवाले म्हणजे आम्ही.

गावावरच्या माळावर एक रुंद, काळाभोर खडक होता. सरांनी हातोडी मारून पाहिली, खणखणीत आवाज आला, आणि यंत्र तिथे बसलं. चेअरमननी त्याच्या रखवालीचा भार स्वतःवर घेतला. दोन दिवसांनी जाऊन पाहतो तर यंत्राशेजारी शेंदूर, हळदकुंकू आणि उंच बांबूवर भगवा झेंडा. ज्याला कुणी हात लावू नये त्याला शेंदूर लावायचा, ही आमच्याकडची जुनी वहिवाट. कुलपापेक्षा भरवशाची. यंत्राला खरोखरच कुणी बोट लावलं नाही. सर हसले आणि मीही हसलो.

जमिनीच्या रोजच्या बारीक थरथरीवरून पहिला हिशोब आला आणि आम्ही चकित झालो. काळी जमीन जवळपास खडकाइतकीच शांत. चेअरमननी गावभर सांगितलं की जमीन पास झाली. कुदळ मारायचा दिवस ठरला. काकूंनी ट्रंकेतून नवं पातळ काढलं, आणि संध्याकाळी मला बोलावून विचारलं, "लेकरा, तू सांगतोस म्हणून जाऊ ना आत?"

थोडं थांबा, एवढंच मी म्हणालो. एवढ्यावर थांबणं ही माझ्या आयुष्यातली नोंद घेण्यासारखी घटना आहे. कारण सकाळीच मी खडकाची एकट्याची नोंद काढून पाहिली होती, आणि खडक डोलत होता. आलेखात जिथे सरळ रेघ हवी तिथे चांगला उंचवटा. वारा पडला की उंचवटा गायब. माळावरचा वैशाखातला वारा त्या झेंड्याला झोडपत होता आणि बांबू खडकाला थरथरवत होता. माती ज्या वेगाच्या थरथरीला उड्या मारत होती, नेमक्या त्याच वेगाने झेंडा खडकाला नाचवत होता. नाच्याला नाच्याने भागलं की दोघेही सभ्य दिसतात.

झेंडा काढा म्हणायची हिंमत देवाला न मानणाऱ्या आमच्या सरांचीही झाली नाही. मग दुसरा खडक शोधणं आलं. दुष्काळानेच तो दाखवला. पालीचं धरण तळाला गेलं होतं, आणि एरवी कायम पाण्याखाली असणारा पाषाणाचा पट्टा उघडा पडला होता. त्यावर झाड नाही, खांब नाही, देव नाही. यंत्र तिकडे हलवलं. आता शंका उरू नये म्हणून एक बरासा धक्का बसायला हवा होता, तोही पाऊस येऊन खडक बुडायच्या आत. गाव महादेवाला पाण्यात कोंडून पाऊस मागत होतं, आणि मी त्याच देवळाच्या पायरीवर बसून मनात उलटं मागत होतो. ढग दिसला की मी तो पांगायची वाट बघायचो, आणि त्याची लाजही वाटायची.

धक्का एका दुपारी आला. लिंबाखाली पाण्याच्या घागरीवरचं झाकण वाजलं. काकू खाटेची कड धरून बसल्या होत्या. नंतर म्हणाल्या, तुझं काम झालं वाटतं. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

या वेळी निकालात शंकेला जागा नव्हती. काळी जमीन खडकाच्या कितीतरी पट हलली होती. सरांनी सोसायटीच्या सभेत सांगितलं, घरं माळावर बांधा. सभासदांनी विचारलं, माळावर टँकर चढत नाही, प्यायचं काय? ते काही चुकीचं विचारत नव्हते. भूकंप कधी येईल कुणास ठाऊक, तहान मात्र रोज लागत होती.

काकू दारात, म्हणजे छपराच्या बाहेरच, उभ्या होत्या.

"वर पाणी न्हाई," चेअरमन त्यांना समजावत म्हणाले.

"आन् खाली जमीन न्हाई," काकू म्हणाल्या.

सोसायटीची घरं खालीच झाली. चेअरमनचं सगळ्यात आधी, कारण त्यांनी तसं केलं नसतं तर बाकीचे थांबले असते. काकूंनी खाट उचलून माळावर नेली, त्या झेंड्याच्या खडकापाशी. खडक बिचारा खरा होता, झेंडाच खोटा. तिथे चार पत्र्यांची शेड उभी राहिली. पत्रा अंगावर पडला तरी माणूस मरत नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही निघालो त्या सकाळी चेअरमन खांद्यावर घागर घेऊन माळ चढत होते. आमच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात पाऊस लागला आणि धरणातला खडक बुडाला.

त्यानंतर तिथे मोठा भूकंप आलेला नाही. गाव म्हणतं, चेअरमनच बरोबर होते. अजूनही पालीवरून जाताना मी एसटीच्या खिडकीतून धरणाकडे बघतो. पाणी असलं की बरं वाटतं, मग माळाकडे नजर जाते. पत्र्याची शेड अजून तिथे आहे. खालची घरंही आहेत. खालच्या घरांकडे मला फार वेळ बघवत नाही.