रेडिओबाईचे कान

कापडाच्या मागावरच्या बायका तिला रेडिओ म्हणत. कारखान्याच्या फाटकातून आत शिरली की तिचं तोंड सुरू व्हायचं, ते सुटीचा भोंगा होईपर्यंत. शेजारचा माग चालवणारी, वयानं सगळ्यांत मोठी म्हणून थोरली, म्हणायची, "या रेडिओला बंद करायचं बटणच नाही. नुसता बोलतो, ऐकत काही नाही." सगळ्या हसायच्या. तीही हसायची. सगळ्या हसल्या की आपणही हसायचं, हे तिनं केव्हाच अंगवळणी पाडून घेतलं होतं.

खरं म्हणजे तिला ऐकू कमी यायचं. आपण बोलत राहिलो की समोरच्याला बोलायला जागा उरत नाही, आणि "काय म्हणालात?" असं विचारायची पाळी येत नाही. नवऱ्याला वाटायचं, बायको ऐकून न ऐकल्यासारखं करते. सगळ्यांच्याच बायका करतात म्हणून त्यानं ते फारसं मनावर घेतलं नव्हतं.

कारखान्यात मात्र तिला कसलीच अडचण नव्हती. मागांच्या खडखडाटात तिथं कुणालाच काही ऐकू येत नसे. बायका ओठ हलवून, भुवया उडवून बोलायच्या. सासूच्या तक्रारी, पोरांच्या परीक्षा, मुकादमाच्या नकला, सगळं बिनआवाजाचं. भीती होती ती माग थांबल्यावरची. मागच्या वर्षी कोपऱ्यातल्या मागावरच्या बाईला मुकादमानं पाठीमागून हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. पुन्हा मारली, तरी नाही. आठवडाभरात मालकानं तिला कापडाच्या घड्या घालायच्या खोलीत धाडलं, अर्ध्या पगारावर. तिथून ती घरी बसली. "सूत नेणारा धोटा अडकला की मागाचा आवाज बदलतो. मागावर कान शाबूत लागतात," मालक म्हणाला होता. रेडिओला तो बदल मागावर ठेवलेल्या तळहातातून कळायचा. पण हे मालकाला कोण सांगणार?

आणि अशात लेकीनं विषय काढला.

लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रत्येकानं आपल्या वस्तीतला एखादा प्रश्न घेऊन स्वतंत्र संशोधन करायचं, असा तिथला नियम. "मी घेतलाय कारखान्यातला आवाज आणि कामगारांचे कान," ती म्हणाली. आईनं तिच्या ओठांवरून ते वाचलं आणि तिच्या हातातला कप बशीत कलंडला.

"दुसरा विषय मिळाला नाही का गं? नळाच्या पाण्याचा घे. कचऱ्याचा घे."

"ते सगळ्यांनी घेतलेत, आई. तू घाबरतेस कशाला? कुणाचं नाव येणार नाही. नुसते आकडे."

"मालकाला आकड्यांतूनही माणसं ओळखता येतात, बाळा."

लेकीनं ऐकलं नाही. मालकाची परवानगी आणली, कॉलेजातून कान तपासायचं यंत्र आणलं, आणि सुटीच्या दिवशी माग बंद असताना डबे खायच्या खोलीत टेबल मांडलं. कानांवर हेडफोन घालून समोर बसायचं, बारीक सूर ऐकू आला की हात वर करायचा. रेडिओ रांगेत सगळ्यांच्या मागे उभी राहिली. कुठून वीज जावी, कुणाला भोवळ यावी, असं काहीबाही मनात येत होतं. वीज गेली नाही. बायका एकेक करून हसत बाहेर पडल्या आणि तिची पाळी आली.

लेकीनं बटणावरचा हात टेबलाखाली लपवला होता. पण बटण दाबताना तिची डावी भुवई किंचित उडायची. लहानपणी खोटं बोलतानाही अशीच उडायची. भुवई उडाली की आईनं हात वर केला. उडाली, केला.

"आई, तुझे कान तर माझ्यापेक्षा तिखट आहेत!" लेक हरखून म्हणाली.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण दोन दिवस तिला घास गोड लागेना.

आठवड्याभरानं लेक तोंड पाडून घरी आली. बत्तीस बायका, आणि सगळ्यांचे कान ठणठणीत! मार्गदर्शक बाईंनी सांगितलं होतं, जे हाती आलं तेच मांडायचं. संशोधन वाचून दाखवायच्या कॉलेजातल्या कार्यक्रमाला मालकही येणार होता, आणि तो खूश होता. बायकांनी कानात घालायच्या बोळ्यांसाठी अर्ज केला होता, तो त्यानं बाजूला सारला. "आता कॉलेजनंच सांगितलंय, आवाजानं काही होत नाही," असं तो मुकादमाला म्हणाला म्हणे. त्याच आठवड्यात लेकीच्या वयाच्या दोन मुली मागावर नव्यानं लागल्या. त्यांतली एक आल्याआल्या दोन्ही कानांवर हात ठेवून उभी राहिली, तेव्हा सगळ्या तिला हसल्या. रेडिओला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही.

तिला कोडं पडलं. आपण तर लबाडी केली, पण बाकीच्या एकतीस? दुपारी तिनं थोरलीकडे तोंड करून ओठ हलवले. "तुला खरंच ऐकू आलं होतं?"

थोरली उगाचच सूत नीट करत राहिली. मग मान वर करून म्हणाली, "तुझ्या पोरीची भुवई फार बोलकी आहे गं."

"म्हणजे तूसुद्धा?"

"मी, ती पलीकडची, तिच्या पलीकडची. परवा एकेकीनं कबूल केलं. जिला तिला वाटत होतं, आपण एकटीच बहिरी!"

दोघी हसायला लागल्या आणि हसता हसता एकदम थांबल्या. थोरलीनं आधी मुकादम कुठं आहे ते पाहून घेतलं. "गप्प बस हं, रेडिओ. आयुष्यात एकदा तरी गप्प बस."

ती गप्प बसली. संध्याकाळी लेक आरशासमोर उभी राहून भाषणाची तयारी करत होती. आरशातल्या ओठांवर आईला वाचता आलं: "आवाजाचा कामगारांच्या कानांवर परिणाम आढळला नाही." पोर तेच वाक्य पुन्हा पुन्हा घोकत होती. आईच्या डोळ्यांसमोर घड्यांची खोली आली. मग कानांवर हात ठेवलेली ती नवी मुलगी आली.

"ते यंत्र आहे का अजून घरी?"

"आहे. उद्या परत करायचंय. का?"

तिनं खुर्ची ओढली, भिंतीकडे तोंड करून लेकीला पाठमोरी बसली आणि हेडफोन स्वतःच कानांवर चढवले. "आता घे."

भिंतीचा रंग एका जागी पोपडे धरून सुटला होता. ती तिकडे बघत बसली. सुरुवातीला काहीतरी जाड, घुमणारं कानी आलं, तिनं हात वर केला. मग काहीच नाही. पोर अजून बटणं लावतेय वाटतं. बराच वेळ गेला आणि खांद्यावर हात पडला.

"अगं, सुरू कधी करणार?" तिनं विचारलं.

लेक वळसा घालून समोर आली. तिचा चेहरा उतरला होता. ओठ सावकाश हलले. "झालं, आई. संपलं."

तिनं आईच्या कानांवरचे हेडफोन उतरवले. मग लेक म्हणाली, "मी हे लिहीत नाही. तुला मागावरून काढतील."

"आणि भाषणात खोटं वाचशील?"

"एकटीवरून काही सिद्ध होत नाही गं. सगळ्यांना परत बसवावं लागेल, पाठमोरं. यंत्र मी आणखी चार दिवस मागून घेईन, पण त्या कशाला बसतील?"

"तू यंत्र मागून घे. त्यांना मी विचारते," आई म्हणाली. पण तिला स्वतःलाच पुन्हा तिथं बसायचा धीर होईलसं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रेडिओ तोंड मिटूनच कारखान्यात शिरली. आज हिला झालंय काय, म्हणून बायका एकमेकींकडे बघू लागल्या. माग सुरू झाल्यावर ती थोरलीसमोर जाऊन उभी राहिली. "उद्या सुटी आहे. पोर पुन्हा टेबल मांडतेय. या वेळी भिंतीकडे तोंड करून बसायचं."

थोरलीचे डोळे विस्फारले. "आणि मालक?"

"ठाऊक नाही."

"घड्यांच्या खोलीत बत्तीस बायका मावतील का गं?"

"नाही मावणार," रेडिओ म्हणाली. पण म्हणताना तिचे ओठ थरथरत होते, आणि ते थोरलीला दिसलं.

थोरलीचं सूत तुटलं. तिनं माग थांबवला, वाकून गाठ मारली, पुन्हा चालू केला. मग नव्या मुलीकडे एक नजर टाकून ती वळली आणि एकेक शब्द नीट दिसेल असं म्हणाली, "आधी तू बसायचंस. मी तुझ्यामागून."