यादीतली पहिली ओळ

मी ज्यांच्यामुळे शिकलो, ते आमच्या गावचे पेपरवाले काका. नात्याचे नाहीत. बुलडाण्याहून धाडकडे जाताना आमच्या गावचा फाटा लागतो, तिथे त्यांचं वह्या-पेनांचं लहानसं दुकान आहे. सकाळच्या एसटीतून पेपरचा गठ्ठा उतरतो, काका तो सायकलवर टाकून गावात वाटतात, आणि उरलेल्या वेळात त्याच पेपरचे वार्ताहर असतात. बातमीवर नाव नसतं, म्हणून गावाला ते फक्त पेपरवाले.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. शाळा सुटली की मी काकांच्या दुकानाच्या पायरीवर पेपर वाचत बसायचो. त्यांचं अक्षर फार वाईट. तुमचं अक्षर लागत नाही, म्हणून पेपरच्या कचेरीतून फोन यायचे. मग ते तोंडी सांगायला लागले आणि मी चांगल्या अक्षरात उतरवायला लागलो. पाकीट दुपारच्या एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचं, बुलडाण्याच्या स्टँडवर पेपरचा माणूस ते घ्यायचा.

"पयले काय झालं ते लिही," काका म्हणायचे. "तुले काय वाटलं ते मांगून. आन् नाव पुरं लिही बे, गाव लिही. अर्ध्या नावावर माणूस सापडत नाही."

बारावीनंतर ते स्वतः माझ्याबरोबर बुलडाण्याला आले. कॉलेजच्या खिडकीपुढे दोन तास रांगेत उभे राहिले आणि फॉर्मवर पालकाच्या रकान्यातल्या माझ्या वडिलांच्या अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही त्यांनी केली. आज मी बुलडाण्यातच एका कॉलेजात कंत्राटी लिपिक आहे.

आता पाकिटं जात नाहीत. काका कागदावर लिहितात, मोबाइलने फोटो काढून मला पाठवतात, मी टाइप करून माझ्या मेलवरून पेपरला पाठवतो. गेल्या हिवाळ्यात त्यांनी आमच्या नदीतून यंत्रांनी वाळू उचलली जाते त्याची बातमी पाठवली. कोणाचे डंपर, कोणत्या रस्त्याने जातात, सगळं. ती आतल्या पानावर छापून आली. वर फक्त "वार्ताहराकडून". गावात ज्याला त्याला प्रश्न, हे लिहिलं कोणी? काका सायकलवरून तोच पेपर वाटत सांगायचे, "मले काय मालूम? मी त निरा पेपर वाटतो."

महिनाभराने घाटाखालच्या एका वार्ताहराला रस्त्यात अडवून त्याचा उजवा हात मोडला. त्यानेही वाळूवरच लिहिलं होतं, स्वतःच्या नावाने. त्यानंतर जिल्ह्यातल्या पत्रकारांनी बुलडाण्यात निषेधाची सभा घ्यायची ठरवली.

मी अर्ध्या दिवसाची रजा काढून गेलो. लहानसा मांडव, एक माइक, दंडावर काळ्या फिती. ज्याचा हात मोडला होता तो व्यासपीठावर बसला होता, गळ्यात अडकवलेला हात प्लास्टरमध्ये, आणि तो पूर्ण वेळ रस्त्याकडे बघत होता. रस्त्यापलीकडे लिंबाखाली एक जीप उभी होती. दोघे जण मोबाइलवर शूटिंग करत होते. व्यासपीठाचं नाही, खाली बसलेल्यांचं. एकेक चेहरा, सावकाश.

संयोजक माइकवरून म्हणाले, "तिकडून शूटिंग करून राह्यलेल्या भाऊंनी इकडं यावं. चहा आमच्याकडून."

लोक हसले. जीपजवळचे हसले नाहीत. मोबाइल मात्र संयोजकांकडे वळला.

कलेक्टरला द्यायच्या निवेदनाला जोडायची नावांची वही माझ्याकडे आली. पूर्ण नाव, गाव, मोबाइल नंबर, सही. "तुमचं अक्षर चांगलं हाय, तुम्हीच लिहा, लोकं निरी सही करतीन," असं संयोजकांनी सांगितलं. आमच्याकडे अशा वहीत पहिली ओळ कोरी ठेवतात. ती मानाची. सभेत जो वडीलधारा येईल त्याचं नाव तिथे जातं.

काका उशिरा आले. मांडवात शिरले नाहीत. मागे, दोरीला लागून, उपरणं तोंडाजवळ धरून उभे राहिले. मला इतका आनंद झाला की मी दुसरा विचारच केला नाही. ती ओळ त्यांच्यासाठीच राहिली होती असं मला वाटलं. मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं, नंबर लिहिला, आणि कोणी न सांगता नावापुढे "ज्येष्ठ वार्ताहर" असंही लिहिलं. मग वही घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"काका, पहिली सही तुमची."

त्यांनी वही दूर धरून वाचली. "काऊन लिहिलं बे हे?"

"मानाची ओळ आहे काका."

"मले वार्ताहर कोन म्हणते? मी पेपरवाला हाओ."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. "खोडू का?"

त्यांनी जीपकडे पाहिलं. मोबाइल आमच्याच दिशेने होता.

"नको. खोडलं त जास्त दिसते."

माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी सही केली. वही परत देताना विचारलं, "तुही सही कुठी हाय?"

"करतो शेवटी."

शेवटी मी केली नाही. जूनमध्ये माझा करार पुन्हा व्हायचा होता. शेवटचं पान भरलं, असं मी मनाला सांगितलं.

सभा संपल्यावर संयोजकांनी वही चाळली. "हे पयलं पान पाहा, काय अक्षर हाय! याचाच फोटो टाका ग्रुपवर." कोणालाच काही वावगं वाटलं नाही. सभा झाली की फोटो टाकायचा, बातमी करायची, ही आमची नेहमीची रीत. पत्रकारांच्या सभेत तर ती मोडणार कोण? मीही तिथेच उभा होतो. काकांची एसटी फाट्यावर पोचण्याआधी ते पान जिल्हाभर पोचलं होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी गावी गेलो. दुकानासमोर तीच जीप. आत काउंटरजवळ माझ्याच वयाचा एक जण उभा होता, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी मऊ.

"काका, तुमचं नाव पयलं हाय म्हणे लिस्टीत."

"वयानं मोठा हाओ, म्हणून लिहिलं असंन कोनं."

"वार्ताहर लिहिलं हाय."

"पेपर वाटतो न मी."

"मंग वाटणाऱ्याले मालूम असंन, आपल्या नदीचं कोनं लिहिलं ते."

काका पेपरच्या घड्या करत राहिले. मी दारात उभा होतो. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमाले काय पाह्यजे भाऊ?"

मला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला "तुमाले" म्हटलं.

"पेन," मी म्हणालो.

त्यांनी पेन दिलं. मी ते खिशात घातलं आणि निघालो. मागून त्या माणसाचा आवाज आला, "हात जपा काका. सायकल चालवता न."

संध्याकाळी काकांचा एकच मेसेज आला: इकडं येऊ नको, फोन करू नको. मग फोन बंद. चौथ्या दिवशी मी स्टँडवर पेपरचा गठ्ठा नेणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "गठ्ठा उतरवतो न रोज. पन घ्याले कोनी उभं नसते. परतीच्या वक्ती पाहतो त तिथंच पडेल असते."

काकांची सायकल चार दिवस गावात फिरली नव्हती. मी तिथेच बाकावर बसून पत्र लिहिलं, पाकिटात घातलं आणि दुकानाच्या दाराच्या फटीतून आत टाका, असं सांगून त्याच कंडक्टरजवळ दिलं. पूर्वी पाकीट ज्या वाटेने यायचं, त्या वाटेने ते परत गेलं. मजकूर हा:

काका,

आधी काय झालं ते लिहितो. तुमचं नाव यादीत मी लिहिलं. तुम्हाला विचारलं नाही. "वार्ताहर" हा शब्दही माझाच.

त्या यादीत माझं नाव नव्हतं. पान भरलं असं मी मनाला सांगितलं, ते खोटं; शेवटच्या पानावर खाली दोन ओळी शिल्लक होत्या. काल संयोजकांकडे जाऊन त्यातल्या एका ओळीत मी सही केली. फोटो काढून टाका असंही म्हणालो. ते म्हणाले, आता कोणाकोणाच्या मोबाइलमधून काढणार?

बाजाराच्या दिवशी तुम्ही मला भाऊ म्हणालात आणि मी पेन घेऊन निघून आलो. तुम्ही ते कशासाठी केलं ते मला कळलं होतं, तरी निघून आलो.

नदीची बातमी माझ्या मेलवरून गेली आहे. टाइप मी केली. तो माणूस पुन्हा आला तर त्याला हे सांगा. हे खोटं नाही.

रविवारी पहिल्या गाडीने येतो. गठ्ठा मी उतरवून घेईन आणि गावात मीच वाटेन. संयोजक आणि आणखी दोघे दुपारी येऊन दुकानात बसतील. जीप उभी असली तरी मी येणार. समोर कोणीही असलं तरी मला नावाने हाक मारा.

मला काय वाटलं ते भेटल्यावर सांगेन.

खाली माझं पूर्ण नाव, गाव आणि मोबाइल नंबर लिहिला आहे.