लाल दिवा असेपर्यंत

पेडगावला आमच्या विहिरीच्या खोदकामावर यारी, म्हंजी माणसं अन् दगड-माती वर-खाली करायचं यंत्र, चालवणारा तो माणूस लय कमी बोलायचा. सकाळी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर खाली उतरणाऱ्या सगळ्यांचे वर बोलायचे हेडसेट चार्जिंगला लावायचा. मग प्रत्येकाला त्यात आपल्या आईचं नाव घ्यायला लावायचा. ते स्वच्छ ऐकू आल्याशिवाय कुणाला खाली सोडायचा नाही.

एकदा एका गड्याच्या हेडसेटचं चार्जिंग होईना, दिवा लालच राहिला. विहिरीला पाणी लागायच्या बेतात होतं. मी वैतागलो, "उतरू द्या की त्याला. वरून हाका मारू."

त्यानं स्वतःचा हेडसेट माझ्या कानावर चढवला. आधीच खाली गेलेल्या गड्याचा श्वास ऐकू आला, अगदी जवळ.

"आता ह्या दुसऱ्याला तुमीच सांगा, बिगर हेडसेटचं उतर म्हनून."

मी त्या लाल दिव्यापाशी जाऊन बसलो.