नाक माझं, बोका माझा

ज्या घरात मांजर आणि मांजरानं शिंकणारी सून एका छपराखाली नांदतात, त्या घरात किश्श्यांना तोटा नाही. बोक्याच्या केसांसारखंच आहे ते. कितीही झाडा, कोपऱ्यात चार उरलेलेच! चारचौघी जमल्या की मला हमखास फर्माईश होते, "ते शिंकांचं सांग गो!" सांगत्ये. पण एक आधीच बजावून ठेवत्ये, "मांजर सोडून का नाही दिलंस?" असं कुणी विचारायचं नाही. पंच्याऐंशी-शहाऐंशीपासून माझं उत्तर एकच आहे. नाक माझं, बोका माझा, तुमचं काय जातंय?

*

बोका आला तो आंब्याच्या रिकाम्या पेटीतून. ह्यांनी पेटी घरी आणली, तर पेंढ्यात एवढंसं पिल्लू. कान फाटका, रंग धड पिवळा नाही की धड पांढरा नाही. हापूसच्या पेटीतून निघालं म्हणून काय हापूस होतं थोडंच! माझी नणंद शैला म्हणाली, "हा तर रायवळ!" तेच नाव पडलं.

आठवडाभरात रायवळ माझ्या मांडीवर झोपायला लागला आणि माझ्या शिंका सुरू झाल्या. डोळे लाल, नाकाला धार.

डॉक्टर म्हणाले, "ही मांजराची ॲलर्जी. मांजर घालवा."

मी म्हटलं, "डॉक्टर, औषध नाकाला द्या. बोक्याला काही झालेलं नाही."

*

त्यांनी गोळ्या दिल्या. शिंका थांबल्या, पण झोप अशी यायची की विचारू नका! मी कचेरीत टायपिस्ट. एके दुपारी साहेबांचं पत्र टाइप करता करता माझं डोकंच मशीनवर टेकलं. अक्षरांच्या सगळ्या काड्या एकमेकींत अडकल्या.

साहेब भला माणूस. हळूच म्हणाले, "बाई, घरी तान्हं बाळ आहे का?"

"नाही साहेब, बोका आहे."

मी गोळ्या बंद केल्या. शिंका परवडल्या, पण नोकरी जायला नको.

*

खरी पंचाईत झाली ती सासूबाईंची. बाहेर निघताना कुणी शिंकलं की अपशकुन! चपला काढायच्या, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं. हा त्यांचा कायदा. आता ज्या घरात मी शिंकत्ये, त्या घरातून माणसानं बाहेर पडायचं कधी? ह्यांची एका आठवड्यात दोनदा चिपळूणची गाडी चुकली!

पण कायद्याला एक पळवाट होती. एक शिंक वाईट, लागोपाठ दोन आल्या तर चालतात. मग काय, रोज सकाळी तोच देखावा. मी एक शिंकले की सगळे दारात चपला घालून माझ्या नाकाकडे बघत उभे! शैला तर हात जोडायची, "वहिनी, दुसरी काढ गो लवकर, माझी बँक उघडली असेल!"

*

कुणीतरी ह्यांच्या डोक्यात भरवलं, बोक्याला आंघोळ घातली की ॲलर्जी जाते. रविवारी हे बादली घेऊन मागच्या दारी गेले. थोड्या वेळानं आले ते नखशिखान्त चिंब, दोन्ही हातांवर ओरखडे. रायवळ कौलांवर बसून पंजा चाटत होता, कोरडा ठणठणीत!

त्याच डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "आता यांना कसली ॲलर्जी?"

मी म्हटलं, "आंघोळीची."

*

एक दिवस सासूबाईंचा धीर सुटला. "अर्धं आयुष्य चपला काढण्यात गेलं माझं! ने रे त्याला, बंदरावर सोड. मासे खाईल नि सुखात राहील." ह्यांनी रायवळला पिशवीत घातलं.

मी दार अडवलं. म्हटलं, "आणखी एक पिशवी काढा. माझ्या साड्या भरा तीत!"

तेवढ्यात पिशवीत धडपड झाली, केस उडाले आणि मला एक सणसणीत शिंक आली.

कायदा तो कायदा! सासूबाई दात-ओठ खात म्हणाल्या, "काढ चपला. बस." आणि मग त्या, हे नि शैला, तिघंही माझ्या नाकाकडे बघायला लागली. दुसरी येत होती हो, पण मी नाक चिमटीत धरून उभी राहिल्ये ती राहिल्येच. शेवटी ह्यांनी कंटाळून पिशवी उघडली.

सासूबाई म्हणाल्या, "ठीक आहे. पण रविवारी शैलाला बघायला पाहुणे यायचेत. त्यांच्यासमोर एक जरी शिंकलीस, तर बोका ह्या घरात दिसायचा नाही. माझा शब्द आहे!"

*

रविवारी सकाळीच त्यांनी स्वतः रायवळला शेजारी नेऊन कोंडलं. घर दोनदा पुसून घेतलं. मला धुवट साडी नेसायला लावली. माझं नाक कधी नव्हे ते मोकळं!

पाहुणे आले. मुलगा आमच्या रत्नागिरीतच नोकरीला, शांत, बरा वाटला. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई म्हणाली, "मुलगी पसंत आहे. फक्त लग्नानंतर नोकरी सोडायची, एवढंच आमचं—"

शैलाचा चेहरा उतरला. बँकेत लागली त्या दिवशी सासूबाईंनी आळीभर पेढे वाटले होते. आता त्या पदराचं टोक पिळत होत्या, पण मुलीकडची बाजू, बोलणार काय?

"आक् छी!" मी.

मुलाची आई थबकली. त्यांच्याकडेही कायदा तोच! माझ्या नाकाकडे बघत राहिली. दुसरी काही येईना. तिनं पाणी मागितलं, घोटभर प्यायली. "तर मी म्हणत होत्ये, नोकरी—"

"आक् छी!"

पुन्हा पाणी. पुन्हा थोडं थांबून, जरा दबकतच, "ती नोकरी..."

"आक् छी!"

तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला, "आई, राहू दे तो विषय. करू दे त्यांना नोकरी." मुलाच्या आईनं पेला खाली ठेवला आणि मुहूर्ताचं बोलायला लागली. मुहूर्ताला मी अजिबात शिंकले नाही.

पाहुणे गेले. मी मान खाली घालून कपबश्या गोळा करत होत्ये. सासूबाईंनी शब्द दिलेला, आणि सासूबाई शब्दाच्या पक्क्या.

"झाल्या शिंका?" त्यांनी विचारलं.

"हो, आई."

"मग जा, घेऊन ये त्याला. सकाळपासून उपाशी असेल मेला."