दुसऱ्या राऊंडचं गाऱ्हाणं

पप्पांनी देवासमोर नारळ ठेवला, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. लालबागच्या आमच्या चाळीत कुणी लांब निघालं की हे होतंच. घरातला मोठा माणूस देवाकडे मोठ्यानं मागणं मागतो आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला दुजोरा देतात. पप्पा एरवी मुंबईची मराठी बोलतात, देवाशी मात्र मालवणीत.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यां चेडू शिकूक इचलकरंजीक जाता हा. तेका सांभाळून ने. आनि दुसऱ्या राऊंडात तेचो नंबर हयच मुंबईत लागांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मम्मी म्हणाली. समोरच्या खोलीतले राणेकाका म्हणाले. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या सूनबाईसुद्धा म्हणाल्या. मी म्हणाले नाही. प्रवेशाच्या दुसऱ्या राऊंडमध्ये माझं नावच नसणार, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

चाळीतल्या आमच्या माळ्यावरच्या पोरींनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. दरवर्षी निकाल लागला की तुमचे मेसेज येतात, 'ताई, पहिलं कुठलं टाकू?' मी काय टाकलं ते तुम्हाला माहीत आहे. कसं टाकलं, ते आज सांगते.

आबा, म्हणजे माझे आजोबा, गिरणीत साचेखात्यात विणकर होते. कापड त्यांना डोळ्यांनी कळायचंच नाही. ते आधी चिमटीत धरायचे. माझा शाळेचा नवा युनिफॉर्म आला की अंगठ्यानं चोळून बघायचे आणि आडवा धागा पातळ घातलाय म्हणून दुकानदाराच्या नावानं बोटं मोडायचे. ती चिमटीची सवय मला लागली. बारावीनंतर मला टेक्स्टाइल इंजिनीअरिंगच करायचं होतं. मुंबईत त्या शाखेच्या जागा थोड्या, माझ्या पर्सेंटाइलला तिथं कुणी दारात उभं केलं नसतं. इचलकरंजीला मात्र नंबर लागत होता.

घरात हे बोलल्यावर पप्पा जेवता जेवता थांबले. गिरणी बंद पडली तेव्हा ते शाळेत होते, आणि त्यानंतरचं आमचं घर त्यांनी पाहिलं होतं. ते म्हणाले, "एकदा त्या धाग्यान आमचो गळो आवळलो, पुरे झाला." पप्पा माणसांशी मालवणी बोलले की विषय संपला असं समजायचं. त्यांचं म्हणणं साधं होतं. सगळं कोकण शिकायला, कमवायला मुंबईत आलं आणि तू मुंबई सोडून शिकायला जाणार? मग वहीच्या पानावर यादी ठरली. वर मुंबईतली कॉम्प्युटरची चार कॉलेजं, आणि माझं मन राखायला पाचव्या नंबरावर इचलकरंजी.

फॉर्म भरायला मी एकटीच गेले आणि पाचवं नाव पहिलं केलं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की जागा आपोआप पक्की होते, पुढच्या राऊंडमध्ये बसताच येत नाही, हा नियम मी चार वेळा वाचला होता. पप्पांनी वाचला नव्हता. फॉर्म पक्का करायचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर गेला. ते शिवडीच्या गोदामात कामावर होते, मागे ट्रक खाली करणाऱ्यांचा आरडाओरडा चालला होता. त्यांनी सहा आकडे एकेक करून वाचले. मी चुकू नये म्हणून पुन्हा एकदा वाचले.

नंबर लागला तेव्हा पप्पांना वाटलं, वरची चारही हुकली. ते माझीच समजूत काढत राहिले. आता जागा धरून ठेव, दुसऱ्या राऊंडला सुधारेल. चार दिवसांचे कपडे घे म्हणाले. मी बॅगेत तळाशी स्वेटर ठेवला. परळच्या एसटी स्टँडपर्यंत ती बॅग त्यांनीच उचलून आणली.

दुसऱ्या राऊंडची यादी लागली त्या दिवशी त्यांचा फोन आला. मी हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून सगळं सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले. त्यानंतर दिवाळीपर्यंत मम्मीच बोलायची. ते दिवस वाईट गेले, उगाच शूरपणा सांगत नाही. मम्मीनं वरळी कोळीवाड्यातून आणून पाठवलेला सुका जवळा मी खोलीत उघडला आणि वासानं रूममेट बाहेर जाऊन बसली. मेसच्या मावशी "खा की गं पोटभर, वाळलीयास नुसती" म्हणत पांढरा रस्सा वाढायच्या, तो घशाखाली उतरायचा नाही. पण प्रॅक्टिकलला पहिल्यांदा यंत्रमागासमोर उभी राहिले, सुटलेला धागा बोटात धरला, आणि परत जायचं नाही हे माझ्यापुरतं ठरून गेलं.

दिवाळीला घरी आले. फराळाची ताटली पुढे ठेवून पप्पा गॅलरीत बसले होते. मी जवळ जाऊन बसले.

"स्वेटर बघितला होता मी," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "आणि त्या दिवशी तू 'व्हय म्हाराजा' म्हणाली नाहीस."

"मग थांबवलं का नाही?"

"देवासमोर तोंड मिटून उभी राहिलीस. एवढं हवंय तर जा म्हटलं." ताटली माझ्याकडे सरकवत म्हणाले, "पण राग आहे, बाय. माझ्या फोनवरचा ओटीपी माझ्याच तोंडून वाचून घेतलास."

मी माफी मागितली. कॉलेज निवडल्याची नाही, त्या सहा आकड्यांची. ती आजही मनात आलं की मागते.

आता मी इचलकरंजीतल्याच एका विणकाम कारखान्यात शिफ्ट सांभाळते. आबा ज्याला साचा म्हणायचे त्याला इथं माग म्हणतात, आणि माझ्या तोंडी इकडचं 'काय लागतंय की' कधी बसलं ते कळलंही नाही. पोरींनो, पहिल्या नंबरावर तुम्हाला हवं तेच टाका. त्यात मागे हटू नका. फक्त ओटीपी मागण्याआधी घरात समोर बसून सांगा. भांडण होईल, होऊ दे. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

त्या दिवाळीनंतर निघताना पप्पांनी पुन्हा नारळ ठेवला, टोपी घातली आणि हात जोडायच्या आधी मागे वळून मला विचारलं, "काय मागू?" तेव्हापासून दरवेळी विचारतात. मला घर म्हटलं की आता तेच आठवतं. माझ्या नावानं मागायच्या आधी मला विचारणारी एक खोली लालबागमध्ये आहे.

त्या दिवशी मी म्हणाले, "शिक्षण पुरं होऊ दे, आणि गणपतीला सुट्टी मिळू दे."

"बा देवा म्हाराजा," पप्पांनी सुरू केलं, "ह्यां चेडू इचलकरंजीक आपल्या कॉलेजात जाता हा. तेचा शिक्षण पुरा होवंदे. गणपतीक तेका घराक येवंदे रे म्हाराजा."

राणेकाकांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "व्हय म्हाराजा."