जंगलजेटीवर उलटी गाडी

दिवाळीच्या सुट्टीत दिवेआगरला जायचं ठरलं, तेव्हा समुद्राची ओढ फक्त आईला आणि मला होती. बाबांना समुद्राशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना आगरदांड्याच्या धक्क्यावरून जंगलजेटीवर गाडी उलटी चढवायची होती.

जंगलजेटी म्हणजे गाड्या खाडीपलीकडे दिघीला नेणारी चपटी बोट. तिच्यावर बऱ्याचदा गाडी रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. मागच्या वर्षी बाबांनी चढवताना डावी बाजू कठड्याला अशी घासली, की दरवाज्यावर ओरखडा अजून आहे. बोटीवरचा माणूस म्हणाला, "काका, उतरा. ताईंकडं द्या गाडी." जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला चारचौघांत वर्गाबाहेर काढल्यासारखं झालं. तेव्हापासून मी आणि परगावी राहणारा माझा भाऊ त्यांच्या मागे लागलो होतो, की आता पुरे, चावी द्या. शेवटी त्यांनीच पैज लावली. यंदा गाडी न घासता चढवली तर चावी त्यांच्याकडे. घासली तर माझ्याकडे, कायमची. मी लगेच कबूल झाले, कारण ते हरणार याची मला खात्री होती. लिहिताना वाईट वाटतं, पण होती.

समुद्रात वादळ असल्याचे मेसेज आदल्या दिवसापासून येत होते. दिवाळीच्या शुभेच्छांसारखे तेही आम्ही न वाचता पुढे पाठवले. शिवाय दिवेआगरच्या खाणावळवाल्या काकूंना एकवीस उकडीचे मोदक सांगून झाले होते, आणि मोदक सांगितल्यावर बेत बदलायची आमच्या घरात पद्धत नाही.

रेवदंड्यापर्यंत ऊन होतं. काशीदनंतर आभाळ इतकं खाली आलं की आईने भर दुपारी "दिवे लावा हो" म्हटलं. आगरदांड्याला पोचलो तर धक्क्यावर चिटपाखरू नाही. तिकिटाच्या खिडकीतला माणूस फळी अर्धी सरकवून म्हणाला, "आज न्हाय सुटायची. बंदरावर वादळाचा बावटा लागलाय, दिसत न्हाय काय?"

"सुटू नका. मी नुसती चढवतो आणि उतरवतो," बाबा म्हणाले.

"कशापायी, काका?"

बाबा जेटीचा उतार डोळ्यांनी मोजत राहिले. त्याने फळी लावून घेतली.

आता रोहा, तळा, म्हसळा असा लांबचा वळसा. वाऱ्याने गाडी हलत होती, म्हणून मी चालवायला बसले. बाबा शेजारी हाताची घडी घालून बसले. तळ्याच्या आसपास ते एकदम म्हणाले, "परीक्षा रद्द झाली म्हणजे विद्यार्थी नापास होत नाही."

"पासही होत नाही," मी म्हणाले. मागून आईने माझ्या खांद्यावर चापट मारली.

वाटेत एका शेतात कापलेल्या भाताच्या पेंढ्या घरातली सगळी माणसं निळ्या प्लास्टिकखाली ओढत होती, आणि प्लास्टिक उडून जात होतं. 

म्हसळा सोडल्यावर फोनने जवळचा रस्ता दाखवला. आई म्हणाली, "नको गं, मोठ्या रस्त्याने चल." मी ऐकलं नाही. आतला रस्ता म्हणजे एका वाडीतली गल्ली निघाली. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे चिऱ्याच्या बुटक्या भिंती, डाव्या गडग्याला लागून गटार, आणि दुसऱ्या वळणापुढे आंब्याचं झाड आडवं. डोक्यावर गोणपाट घेतलेली एक म्हातारी आली आणि म्हणाली, "मागं जावा, बाय. फाट्यापत्तुर मागंच जायाला लागंल, वळायला जागा न्हाय."

मी रिव्हर्स टाकला. दहा हातही गेले नसेन, तेवढ्यात मागचं चाक गटाराच्या काठावर आलं. मी करकचून ब्रेक दाबला. मोठ्या रस्त्यांवर मी कोणाला हार जात नाही, पण त्या गल्लीत माझी पुरती घाबरगुंडी उडाली.

"बाबा, तुम्ही घ्या," मी म्हणाले.

आम्ही जागा बदलल्या. आईने छत्री उघडली, ती लगेच उलटली. ती गाडीत फेकून आई पावसात गाडीमागे जाऊन उभी राहिली आणि डिकीवर तिने थाप मारली. लहानपणापासून पाहिलेली ही त्यांची पद्धत. एक थाप म्हणजे ये, दोन म्हणजे थांब, डाव्या कोपऱ्यावर थाप पडली की गाडी उजवीकडे घ्यायची. वाऱ्यात आईचा आवाज पोचला नसता, थापा मात्र पोचत होत्या. बाबा नुसते उजव्या आरशात बघत होते, डावीकडे एकदाही नाही. मला वाटलं, काय हा आत्मविश्वास! दोन वळणं, गटार, गडगा, सगळं पार करून गाडी फाट्यावर आली. एक ओरखडा नाही.

"व्हय, जमलं बा," म्हातारी म्हणाली.

बोर्ली पंचतनला चहा होईपर्यंत मी त्यांचं कौतुक करत होते आणि स्वतःला शिव्या देत होते. दिवेआगरला दिवेलागणीला पोचलो. समुद्र नुसता ऐकू येत होता. काकूंनी मोदक चाळणीत गरम ठेवले होते. पहिला मोदक फोडला आणि बाबांनी माझ्या ताटाशेजारी चावी ठेवली.

"हे काय? तुम्ही जिंकलात!"

"मला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. वर्ष झालं. मागच्या वेळी तुझी आई आधीच बोटीवर चढून माणसांत उभी होती. मागे थाप मारायला कोणी नव्हतं."

मला आधी संताप आला. वर्षभर हे असे गाडी चालवत होते? आईकडे पाहिलं, तर ती मान खाली घालून मोदकावर तूप सोडत होती. तूप ताटात वाहायला लागलं तरी सोडत होती.

"मग आज कशी घेतलीत गाडी?"

"आज उत्तरं तिने सांगितली," बाबा म्हणाले. "कॉपी करून सुटलेल्याला मी कधी पास केलेलं नाही."

ती चावी मला वर्षभर हवी होती. आता ती समोर होती आणि मला वाटत होतं, यांनी भांडावं, नेहमीसारखा हट्ट करावा. मला रडू आवरेना. बाबांनी आपल्या ताटातला एक मोदक माझ्या ताटात ठेवला.

"परतताना बावटा उतरला असेल, तर जेटीवर गाडी तू चढव," ते म्हणाले. "थापा मी मारीन. आणि घासलीस तर याद राख."